माजी छत्रीधारी सैनिकाचे भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र : एका पालकाचा अभिप्राय

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर आणि लोणार यांच्या मधल्या पट्ट्यात, गावाबाहेरच्या शेतजमिनीवर, सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र चालवतात. ते छत्रीधारी दलात, म्हणजे पॅराशूटने विमानातून उडी घेणाऱ्या जवानांत होते आणि आग्र्याचे प्राथमिक प्रशिक्षण झाल्यावर पुढे उंचावरून मुक्त उडी घेणाऱ्या जवानांतही त्यांची निवड झाली होती. गावात त्यांना सगळे फौजी म्हणतात, आणि केंद्रातली मुले सैन्यातल्या रिवाजाप्रमाणे उस्ताद. माझा धाकटा मुलगा या केंद्राच्या वसतिगृहात राहून तयारी करत होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्यामुळे दहावी-बारावी झालेल्या मुलांचे पालक अकादमीबद्दल विचारायला माझ्याकडे येतात. आपल्याकडे आता तालुक्या-तालुक्याला अशा अकादम्या उघडल्या आहेत, त्यांच्या फ्लेक्सवर रणगाडे आणि बंदुकधारी कमांडो छापलेले असतात, आणि आत नेमके काय शिकवतात ते मुलगा दाखल झाल्याशिवाय कळत नाही. म्हणून या केंद्राविषयी जे पाहिले ते सविस्तर लिहीत आहे.

आधी मैदानाविषयी. आपली जमीन काळी आहे आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की तिच्यावर धावणे अशक्य होते, त्यामुळे बहुतेक गावांतली मुले पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने धावतात आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर असतात. या केंद्रात मुरूम दाबून केलेली ४०० मीटरची धावपट्टी आहे. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावायचे असते, म्हणजे या पट्टीच्या बरोबर चार फेऱ्या. त्या साडेपाच मिनिटांत पूर्ण झाल्या तरच ६० गुण पदरात पडतात. लोखंडी बारवर दहा वेळा अंग उचलण्याचे आणखी ४० गुण असतात, आणि नऊ फुटांचा खड्डा व नागमोडी फळी यांत केवळ पात्र ठरावे लागते. या सगळ्याची मापे इथे फितीने मोजून घेतलेली आहेत. एप्रिल-मे महिन्यांत सराव पहाटे साडेचारला सुरू होतो आणि ऊन चढण्याआधी संपतो. मीठ-साखर-लिंबाच्या पाण्याचा माठ मैदानाच्या कडेलाच भरलेला असतो. मैदानाबाबत माझी तक्रार नाही.

इतर अकादम्यांत न दिसणारी एक गोष्ट इथे आहे, ती म्हणजे पडायला शिकवण्याचा ओटा. चार फूट उंचीचा लाकडी ओटा, त्याच्यापुढे नदीच्या वाळूने भरलेला खड्डा आणि त्या वाळूवर सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर. मुलाने ओट्यावरून उडी मारायची, दोन्ही पाय जुळलेले, गुडघे एकमेकांना चिकटलेले आणि किंचित वाकवलेले, हनुवटी छातीला टेकलेली. जमीन लागताच उभे राहण्याचा हट्ट न धरता पाऊल, पोटरी, मांडी, कुल्हा आणि पाठीची एक बाजू अशा क्रमाने अंग जमिनीवर सोडून द्यायचे. माझ्या मुलाचे गुडघे सुरुवातीला हवेतच सुटायचे. उस्तादांनी त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेला रुमाल ठेवला आणि सांगितले की रुमाल खाली पडला तर उडी पुन्हा. रुमाल पडतच राहिला आणि उड्याही होत राहिल्या. अंगणात पाण्याची बादली उचलतानाही तो गुडघे जुळवून बसतो, हे मी नंतर घरी पाहिले.

भरतीत कोणी छत्रीने उडी मारायला सांगत नाही, मग हे कशासाठी, असे मी विचारले होते. त्यांचे उत्तर मला पटले. भरतीच्या मैदानावर कितीतरी मुले धावण्यात पास होतात आणि नऊ फुटांच्या खड्ड्यापलीकडे वेडेवाकडे पडून घोटा मुरगाळून घेतात. छत्रीधारी जवान सरावात साधारण १,२५० फुटांवरून उडी घेतो. त्याच्या छत्रीची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असल्यामुळे ती आपोआप उघडते, आणि मिनिट-सव्वा मिनिटात जमीन येते. मुक्त उडीत १०,००० फुटांवरून निघाले तरी छत्री उघडेपर्यंत अर्धा मिनिट मिळतो आणि अंगाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. "वरचं काम छत्री करते, ताई, खालचं काम घोट्याले करा लागते," असे ते म्हणाले.

मात्र या केंद्राची खरी सेवा, जिच्यासाठी मी त्याची शिफारस करते, ती रविवारच्या संध्याकाळची बैठक आहे. कडुनिंबाखाली सतरंज्या टाकल्या जातात, मुले गोल बसतात, पालक आले असतील तर त्यांनाही बसवून घेतात, आणि ज्याला जे विचारायचे असेल ते विचारता येते. तिथे व्याख्यान नसते. उस्ताद बुटांना पॉलिश करत किंवा दोरीची गाठ सोडवत बोलतात, आणि बंदुकीविषयी, सैन्यातल्या रोजच्या आयुष्याविषयी त्यांची जी मते आहेत ती कोणताही मुलामा न देता सांगतात.

आपल्या मुलांनी बंदूक पाहिली ती मोबाइलवरच्या खेळात. त्या खेळाची सुरुवातच विमानातून छत्रीने उडी घेण्याने होते आणि जमिनीवर उतरताच पडलेली बंदूक उचलायची असते, त्यामुळे उडी आणि बंदूक या दोन्ही गोष्टी आपल्याला येतात असे त्यांना मनापासून वाटते. उस्ताद त्या खेळाची टवाळी करत नाहीत. ते एवढेच सांगतात की तिथे कोणाचा पाय मोडत नाही आणि कोणाला बंदूक साफ करावी लागत नाही. खऱ्या उडीत रायफल अंगाला बांधलेल्या पिशवीत असते, आणि जमिनीवर उतरल्यावर आधी छत्री गोळा करायची, मग पिशवी सोडायची, आणि मग कुठे हत्यार हातात येते. पहिल्या उडीची भीती वाटत नाही, कारण काय होणार आहे ते माहीत नसते. दुसऱ्या उडीला वाटते, हेही ते मुलांना आडपडदा न ठेवता सांगतात.

कोणती बंदूक भारी, हा प्रश्न दर नव्या तुकडीत येतो. त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर आहे : "जिची नळी साफ हाये, थे भारी." त्यानंतर ते तपशिलात जातात आणि ते ऐकण्यासारखे असते. इन्सास रायफल ५.५६ मिलिमीटरची, वजनाला चार किलोच्या घरात. कारगिलच्या थंडीत तिच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या, म्हणून तिला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मते मात्र शांतपणे नेम धरणाऱ्याच्या हातात तिने लांबच्या लक्ष्यावर कधी दगा दिला नाही. एके-४७ चिखलात, धुळीत, पावसात चालते, आणि जवळच्या चकमकीत तिच्यावर विश्वास टाकता येतो. लांबवर ती तेवढी नेमकी राहत नाही. अमेरिकेतून आलेली सिग-७१६ जोरकस मारा करते, पण तिची ७.६२ बाय ५१ ची काडतुसे जड असल्यामुळे जवानाच्या अंगावरचे ओझे वाढते. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे तयार होणारी एके-२०३ आता हळूहळू इन्सासची जागा घेत आहे. ही मते त्यांची आहेत, शस्त्रतज्ज्ञांची नव्हेत, असे ते स्वतः बजावतात. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते हे की त्यांच्या बोलण्यात बंदूक हे नेहमी वाहायचे, पुसायचे, मोजून परत करायचे सामान असते. चांदमारीवर झाडलेल्या प्रत्येक गोळीचा रिकामा खोका, म्हणजे मागे उरणारे रिकामे काडतूस, मोजून परत द्यावा लागतो, आणि एक खोका कमी भरला तर तो सापडेपर्यंत सगळी कंपनी गवतात हात घालून बसते. उजव्या खांद्यावरून गोळी झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. उस्तादांशी बोलायचे असेल तर त्यांच्या उजव्या बाजूला बसावे लागते, हे मुलांनीच मला पहिल्या भेटीत सांगितले.

केंद्रात एक एअर रायफल आहे. ४.५ मिलिमीटर तोंडाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तरीही ती कुलपात असते आणि रविवारी सकाळीच बाहेर निघते. सुरुवातीला मुलांना छर्रा मिळतच नाही. पालथे झोपून नेम धरायचा, उस्ताद नळीच्या टोकाजवळ दहा रुपयांचे नाणे ठेवतात, आणि नाणे न हलता घोडा दाबला गेला पाहिजे. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, बोटाचे पहिले पेर घोड्यावर टेकवायचे, आणि दाबायचे ते इतके सावकाश की आवाज झाल्यावर आपल्यालाच कळावे. नाणे खाली पडले की मुलगा रांगेच्या शेवटी जातो. पुढे छर्रे मिळतात तेव्हा वहीवर सही करून मोजून मिळतात, आणि दहा मीटरवरच्या पेटीतून वेचून परत द्यावे लागतात. मैदानी चाचणीत या कशालाच गुण नाहीत. तरीही मुलांच्या डोक्यातली बंदुकीची नशा उतरायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

घरची गोष्टही तिथे निघते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी हरभरा, तूर, मका यांची काय दशा केली आहे हे आपल्याला सांगायला नको, आणि एका बैठकीत एका पालकाने विचारले की शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना सहज का मिळू नये. उस्तादांनी स्पष्ट विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की रायफलीची गोळी किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, रात्री शेजारच्या धुऱ्यावर जागलीला कोण बसले आहे हे दिसत नाही, आणि सैन्यात ज्या हाताला महिनोन्महिने शिकवल्याशिवाय गोळी देत नाहीत, त्या हाताला घाबरून, झोपेतून उठून बंदूक उचलायला लावणे घातक आहे. त्यांचा मुद्दा खरा आहे, पण मला ते उत्तर अर्धे वाटले. ज्याचे एका रात्रीत पीक उकरले गेले त्याला निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाने केवळ धोका सांगून चालत नाही. कुंपणाचे काय, वनखात्याच्या भरपाईला लागणाऱ्या वेळेचे काय, हेही बोलले पाहिजे होते. मी ते तिथे बोलून दाखवले आणि त्यांनी ऐकून घेतले.

सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांविषयी मात्र त्यांचे धोरण मला पूर्णपणे मान्य आहे. वाढदिवसाला तलवारीने केक कापलेला किंवा कंबरेला कट्टा खोचलेला फोटो ज्याच्या मोबाइलवर सापडेल, त्याला केंद्रात जागा नाही. सैन्यात जाण्याआधी पोलिस पडताळणी होते, एक गुन्हा दाखल झाला की वर्षानुवर्षांची धाव वाया जाते, हे कारण ते मुलांना सांगतात. पालकांना सांगताना त्यांचा आवाज जास्त कठोर होतो : "बंदुकीची हौस असन तर पोराले इथं पाठवू नका. नोकरीची हौस असन तर पाठवा."

सैन्यातल्या आयुष्याविषयी ते जे सांगतात ते फ्लेक्सवर कुठेही छापलेले नसते. पहाऱ्याची रात्र, भांडी, झाडू, खोदकाम, सामान भरणे आणि उतरवणे, यांतच बहुतेक दिवस जातात. रात्रीच्या हजेरीला नाव पुकारले गेले की उद्याचे काम कळते, परवाचे कळत नाही. जेवण पोटभर असते, पण बारा महिने जवळजवळ एकच असते, आणि भाकरी-ठेच्याची आठवण सुट्टीच्या गाडीपर्यंत दाबून ठेवावी लागते. आपल्या भागातल्या जवानाचा रस्ता भुसावळहून झेलम एक्सप्रेसने वर जातो. आरक्षण नसेल तर दरवाजाजवळ ट्रंकेवर बसून. या वर्णनात गाऱ्हाणे नसते. शेजारच्या खाटेवरचा माणूस कोणत्या राज्याचा, कोणत्या जातीचा, काय खाणारा हे काही महिन्यांत महत्त्वाचे राहत नाही, आणि विमानाच्या दरवाजात मागच्याचा हात आपल्या पाठीवर असतो तेव्हा तो कोणाचा आहे याचा विचार मनात येत नाही, हेही ते तितक्याच सरळपणे सांगतात.

२०१९ साली पुलवामात जे ४० जवान गेले, त्यांत दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. त्या विषयावर घोषणा देणे सोपे असते. उस्ताद मुलांना हे जवान केंद्रीय राखीव पोलिस दलाचे होते, सैन्याचे नव्हते, हा फरक आधी समजावतात, कारण दोन्हींच्या भरत्या, सेवाशर्ती आणि निवृत्तीनंतरच्या सवलती वेगळ्या आहेत. त्यानंतर ते जवानाच्या घरी मागे काय उरते याविषयी बोलतात. शस्त्रांशी आपल्या विदर्भाचे नाते तसे जुने आहे : भंडारा, अंबाझरी, भद्रावती इथल्या आयुध निर्माण्या, पुलगावचे दारूगोळा भांडार. २०१६ च्या मे अखेरीस पुलगावला आग लागली आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला, तेव्हा सीमेपासून शेकडो कोस दूर माणसे गेली. गोळी बनवणारा, ती सांभाळणारा आणि ती झाडणारा, तिघांनाही धोका सारखाच, असे त्यांचे मत आहे, आणि पुलगावला कामाला असलेल्या माणसांची मुलेही केंद्रात असल्यामुळे ते बोलताना शब्द जपून वापरतात.

वसतिगृहाचे स्वयंपाकघर त्यांच्या पत्नी चालवतात. मुलांच्या आयांनी त्यांच्याशी बोलावे असे मी आवर्जून सांगेन, कारण उस्तादांच्या बोलण्यात जे येत नाही ते त्यांच्याकडून कळते. नवरा डोंगरावर तैनात असताना सासूची शस्त्रक्रिया, मुलांच्या शाळा, वाटणीची जमीन हे सगळे त्यांनी एकटीने निभावले. "थे दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले की पाहुण्यावानी वाटे, ताई," असे त्या भाकरी थापताना सहज म्हणाल्या.

एका बाबतीत माझे आणि उस्तादांचे मतभेद आहेत. प्रत्येक मुलाने दोन वर्षे सक्तीने सैन्यात काढावीत, त्याशिवाय शिस्त येत नाही, असे त्यांना वाटते. शिक्षिका म्हणून मला ते मान्य नाही. विमानाच्या रांगेत मन नसलेला एक माणूस उभा असेल तर पुढच्या-मागच्या सगळ्यांना धोका, हे त्यांचेच वाक्य मी त्यांना ऐकवले. त्यांनी मान हलवली, पण मत बदलले नाही.

अग्निवीर ज्या अग्निपथ योजनेतून घेतले जातात तिच्याविषयी ते फार मोलाचे बोलतात, कारण याच विषयावर मुलांची सर्वाधिक फसवणूक होते. सेवा चार वर्षांची. त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच मुले कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो, ज्यातला अर्धा त्यांच्याच पगारातून दरमहा कापलेल्या ३० टक्क्यांतून जमतो, निवृत्तिवेतन नाही. वर्षाला सुट्टी ३० दिवस. हे आकडे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले जातात आणि पुसले जात नाहीत. प्रत्येक मुलाला वहीत लिहून द्यावे लागते की पाचव्या वर्षी तो काय करणार आहे. बारावीनंतर मुक्त विद्यापीठातून पदवीसाठी नाव घालण्याचा ते आग्रह धरतात. भरतीसाठी कोणी पैसे मागितले तर त्याला सरळ पोलिसांकडे न्या, हेही त्याच फळ्यावर आहे. बुलढाणा जिल्हा नागपूरच्या नव्हे, तर छत्रपती संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडे येतो, ही साधी माहितीसुद्धा अनेक पालकांना तिथेच मिळाली. हे सगळे ऐकून एका मुलाने केंद्र सोडले आणि आयटीआयला प्रवेश घेतला. त्याची उरलेली फी उस्तादांनी परत केली, हे मी त्याच्या वडिलांकडूनच ऐकले आहे.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. सर्वांत मोठी म्हणजे लेखी परीक्षेची तयारी. २०२३ पासून आधी संगणकावर सामाईक परीक्षा होते आणि तिच्यात निवड झाल्याशिवाय मैदानावर बोलावणे येत नाही, तरीही केंद्रात सगळा भर धावण्यावरच आहे. गणित आणि सामान्य ज्ञान शिकवायला एक तरुण आठवड्यातून काही दिवस येतो, शिकवतो मन लावून, पण केंद्रात एकही संगणक नाही. आम्ही मुलाला सरावासाठी मेहकरला वेगळे पाठवले. ज्यांना ते परवडत नाही त्यांचे नुकसान होते.

दुसरी उणीव दुखापतीकडे पाहण्याच्या दृष्टीची. माझ्या मुलाची नडगी दुखू लागली तेव्हा त्याला सुरुवातीला सहन कर असेच सांगितले गेले. डॉक्टरांनी हाडावर ताण आल्याचे सांगून विश्रांती द्यायला लावली, तेव्हा उस्तादांनी ते मानले आणि त्याला त्या काळात फक्त बार आणि पोहणे दिले. पण डॉक्टरकडे नेण्याचा निर्णय आम्हालाच घ्यावा लागला. सैन्यातला सोशिकपणा सतरा-अठरा वर्षांच्या वाढत्या हाडांना लावू नये, असे माझे ठाम मत आहे. याउलट वैद्यकीय निकषांबाबत ते जागरूक आहेत : उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर अधिक, एकमेकांना घासणारे गुडघे, सपाट तळवा, कानातला मळ, गोंदण, या सगळ्याची तपासणी प्रवेशाच्या वेळीच करून घेतात आणि ज्याला मुळातच संधी नाही त्याला फी न घेता परत पाठवतात. मे महिन्यात विंधन विहीर आटली की टँकरवर भागवावे लागते, त्याची तयारी ठेवावी.

फी नुसत्या प्रशिक्षणाची महिन्याला दोन हजार आणि राहण्या-जेवणासह साडेसहा हजार आहे, पावती मिळते आणि निवडीची हमी दिली जात नाही. माझ्या मुलाची लेखी आणि मैदानी चाचणी पार पडली असून वैद्यकीय तपासणी बाकी आहे. प्रवेश घेण्याआधी आई-वडील दोघांनी एका रविवारी बैठकीला जाऊन बसावे; त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि कोणी उठवतही नाही. मुलीला पाठवायचे असेल तर कपडे बदलण्याची खोली पूर्ण झाली आहे की नाही ते आधी फोनवर विचारून घ्यावे. माझ्या मागच्या भेटीत भिंती उभ्या राहिल्या होत्या, दार आणि कडी बसायची होती.